चार नंबरची पाहुणी

११ नोव्हेंबर, सोमवार

शाळेची मागची पायरी आठवली आज. मधली सुट्टी. माझ्या डब्यात धपाटे, नसीमच्या डब्यात खिचडी आणि चिंचेचं खट्टं. विचारून कधी देवघेव केली नाही. डबे उघडायचे आणि बदलायचे, एवढंच. तिला धपाट्याची जळकी कड आवडायची. ती आधी कड तोडून घ्यायची आणि म्हणायची, "उषी, तेरी अम्मा को बोल, थोड़ा और जलाना." सातवीत असू तेव्हा.

आठवायचं कारण, हॉटेलातल्या सुजाताने आज नाश्त्याला धपाटे केले. नसीमने एक उचललं, कड तोडली, खाल्ली. वाटलं, आता म्हणेल.

तिने रुमालाला बोटं पुसली आणि माझ्याकडं बघून छान हसली. "मॅनेजर मॅडम, आपके यहाँ का खाना अच्छा है. कितने साल से चला रहे ये होटल?"

"बावीस."

"माशाल्ला. अकेले?"

"नाही. एक मैत्रीण आहे. भागीदार."

"मिलाओ कभी."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रोजचंच आहे, पण लिहून ठेवते. पुढं माझंही काही सांगता येत नाही.

सकाळी नऊला न. चार नंबरमधून खाली येते. अकरा पायऱ्या, कठड्याला हात न लावता. हातात ती तपकिरी बॅग. इस्त्रीचा दुपट्टा. काउंटरसमोर अशी उभी राहते जशी आत्ताच गाडीतून उतरलीय. "कमरा मिलेगा? आंगन की तरफ का होना." मी रजिस्टर पुढं सरकवते. ती नाव लिहिते. अक्षर तेच, शाळेत सिस्टर पिलारनं घोटून घेतलेलं, एकाही वळणात थरथर नाही. 'कुठून आलात' या रकान्यात शहागंज. 'मुक्काम' या रकान्यात रोज एकच दिवस. मग मी तिला तिच्याच खोलीची किल्ली देते आणि ती "शुक्रिया" म्हणून वर जाते.

जूनमध्ये पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सांगून बसले, "अगं नसीम, हॉटेल तुझंच आहे. आपलं दोघींचं." दिवसभर रडली. मी तिची थट्टा करतेय असं तिला वाटलं. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, जे चाललंय त्यात सामील व्हा. तेव्हापासून मी मॅनेजर.

काशिनाथ फाटकावर असतो, त्याला कारंज्याचं कोडं पडलंय. पाहुणा आला की पाव तास कारंजं, पाहुणा निघाला की पाव तास. एरवी बंद. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरवर सगळं, म्हणून न.नेच हा नियम केला होता. आता ती रोज 'येते', म्हणजे कारंजंही रोज.

"ताई, टँकरवाला इचारत व्हता, रोज कोन नवं येतंय?"

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, लई मोठ्या पाव्हण्या हायेत."

१७ नोव्हेंबर, रविवार

शारजाहून इम्रानचा फोन. न.चा एकुलता एक. मी त्याची उषा खाला, मावशी. लहानपणी कारंज्याच्या याच हौदात होड्या सोडायचा, कपडे भिजवून मार खायचा.

कागदपत्रं झाली म्हणाला. डिसेंबरअखेर येऊन अम्मीला घेऊन जाणार. बायको नर्स, घरात माणसं, जवळच दवाखाना. सगळं खरं आहे. एकही गोष्ट खोडून काढता येत नाही.

मी म्हटलं, "तिला इथली जागा पायांनी पाठ आहे रे. पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत तिला. तिथं अकराव्या मजल्यावर काय करेल?"

"खाला, उनको तो आपका नाम भी याद नहीं."

मग त्याचा आवाज उतरला. म्हणाला, बुरा मत मानो. ठीक है, दिसंबर तक देखते. सब ठीक रहा तो गर्मियों तक रहने देता. पण काही झालं, पडली-बिडली, हरवली, तर मग खाला, मैं नहीं सुनूंगा.

कबूल केलं. माझ्यापाशी दुसरं होतंच काय? मी कोण तिची? कुठल्याच फॉर्ममध्ये 'मैत्रीण' असा रकाना नसतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

सात नंबरला नाशिकचं जोडपं. नवरा कमानीखाली उभं राहून बायकोला समजावत होता, "हे मुघल काम." मी म्हटलं, नाही हो, हे खडूकाम.

खरंच तसंच आहे. सिस्टर पिलार स्पेनच्या दक्षिणेच्या. इंग्रजी तोडकंमोडकं, आमच्यापेक्षा वाईट, म्हणून आम्हाला त्या फार आवडायच्या. एकदा भूगोलाच्या तासाला त्यांना घराची आठवण आली आणि नकाशा राहिला बाजूला. फळ्यावर त्यांच्या आजोळचं अंगण काढलं. मधे पाणी, चार बाजूंना कमानी, घोड्याच्या नालासारख्या, खाली येता येता परत आत वळणाऱ्या. भिंतीला कमरेइतक्या निळ्या-हिरव्या फरशा. झाडाला नारिंगं. म्हणाल्या, शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून मुसलमान आले, त्यांनी ही घरं शिकवली. ते गेले, घरं राहिली. न. उभी राहिली. "सिस्टर, माय नाना'ज हाउस! सेम!" वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर शहागंजला गेल्या, तिच्या आजोबांचं, नानांचं अंगण बघून आल्या. परत येताना डोळे पुसत होत्या, असं न. सांगायची.

मी ते चित्र वहीत उतरवून घेतलं होतं. तीस-पस्तीस वर्षांनी, हॉटेल बांधताना, तीच वही रहीम मिस्त्रींसमोर ठेवली. बिचारे आडवी-उभी करून बघत राहिले. "बाई, ये कमान नीचे आके वापस अंदर कायकू जा रही? इसको कुछ भूल गया क्या?" आणि न. म्हणाली, "हौ चाचा, घर जाने का दिल नहीं हो रहा उसका."

हॉटेलचं नाव तिनंच ठेवलं, नारंज. नारिंगाची झाडं काही जगली नाहीत. जालन्याची मोसंबी लावली, ती फळतेय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी हौदाच्या काठावर बसलो होतो दोघी. मोसंबी सोलत होते. न.ने एकदम विचारलं, "मॅडम, आप इसी शहर के?"

"वैजापूरची. पण शाळेपासून इथंच. बोर्डिंगला होते."

"मेरी एक सहेली है वैजापूर की. उषी. बाप पाटील, प्याज का बड़ा काम. उसके डब्बे में धपाटे रहते." मग जरा खाली वाकून, हळूच, "उसको खबर करना था. मैं यहाँ उतरी बोल के. पता नहीं कैसे, आई नहीं अब तक."

मी म्हटलं, "कळवते."

"भूल गई होगी," ती म्हणाली. "बड़े लोग."

मोसंबीचा रस डोळ्यात गेला असं सांगून आत आले.

३ डिसेंबर, मंगळवार

हसू येईल असा दिवस. दोन नंबरची खोली उघडी होती. न. आत शिरली आणि सुजाताला हाक मारली. चादरीची घडी चुकली होती. तिच्यातली जुनी मालकीण अशी उसळून आली! "ये क्या है? कोना किधर, किनार किधर? पाहुणा सोएगा कि कुश्ती खेलेगा?" सुजातानं मुद्दाम दुसरीही घडी चुकवली, परत बोलणी खाल्ली, आणि स्वयंपाकघरात येऊन डोळ्याला पदर लावून हसत बसली. "ताई, सहा महिन्यांनी शिव्या दिल्या हो मला आपाने! बरं वाटलं."

सुजाता पंधरा वर्षं इथं. स्वयंपाक, खोल्या, आणि आता न.ची औषधं, आंघोळ, सगळं. तिच्या लग्नाच्या जेवणाची पंगत याच अंगणात बसली होती, पंचशील म्हटलं गेलं होतं याच मोसंबीखाली. न.ने स्वतः वाढलं होतं.

सहा दिवस झाले, न. नीट जेवते. झोपते. इम्रानला कळवलं. "अच्छा है खाला," म्हणाला.

उन्हाळ्यापर्यंत. उन्हाळ्यात मग पुढचं बघू. हौदाकाठी तिच्यासाठी वाळ्याचा पडदा…

९ डिसेंबर, सोमवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सकाळी न. रोजच्यासारखी आली, पण किल्ली मागायला नाही, द्यायला. "मेरी चिठ्ठी बना दो. आज निकलना है." पाहुणा सामान घेऊन निघाला की फाटकावर काउंटरची चिठ्ठी दाखवायची, हाही तिचाच नियम. कुणी एकदा पितळी तांब्या बॅगेत घालून नेला होता तेव्हापासूनचा. मी टाळलं. थोडं थांबा म्हटलं, चहा घ्या म्हटलं. ती हटून बसली. डोळ्यात पाणी यायला लागलं. म्हटलं, पाच मिनिटांत विसरेल. नेहमी विसरते. लिहिली चिठ्ठी. खोली चार. आजची तारीख. खाली माझी सही.

तेवढ्यात पुण्याची मंडळी आली, बारा जण, दोन गाड्या. मी त्यांना घेऊन वर गेले. खिडकीतून कारंज्याचा आवाज आला. एक बाई म्हणाल्या, "किती शांत वाटतं हो इथं." मी म्हटलं, तुमच्याचसाठी सुरू केलंय.

त्यांच्यासाठी नव्हतं ते.

दुपारी सव्वाला सुजाता जेवायला बोलवायला चार नंबरला गेली. खोली रिकामी. बॅग नाही. मी पळत फाटकावर. काशिनाथ उभा राहिला, माझा चेहरा बघून त्याचाही उतरला.

"चिठ्ठी व्हती ना ताई त्यांच्याकडं. तुमची सही. तारीख बी आजचीच. म्हनलं, ताईंनीच धाडलं आसंल, लेकाकडं जायचं चाललंय ना. मीच रिक्षा बोलावली. बॅग ठिवली. सलाम केला." मग अगदी हळू, "कारंजं बी लावलं, रीतीपरमानं."

त्याला सायकल काढायला सांगितली.

हर्सूलच्या तळ्यापर्यंत काशिनाथ सायकलवर. मी बसस्टँड, स्टेशन. गुडघे काय म्हणत होते ते कळलंच नाही. सगळीकडं तेच सांगायचं, उंच, गोऱ्या, पिस्ता रंगाचा दुपट्टा. प्रत्येक रिक्षातल्या बाईचं तोंड बघत होते. एकीनं विचारलं, कोण हरवलंय? मी म्हटलं बहीण.

पावणेचारला हॉटेलातून सुजाताचा फोन. सापडल्या.

शहागंज. जिथं नानांचं घर होतं तिथं आता तयार कपड्यांच्या दुकानांची रांग. एका दुकानाच्या पायरीवर बसून होती, अकरापासून. म्हातारे दुकानदार, दाढीवाले, भले गृहस्थ. चहा पाजला, बिस्किटं दिली. म्हणाले, "आपा बोल रहे दरवाजा खोलो, नाना अंदर है. मैं क्या खोलू? अंदर तो फ्रॉकाँ टंगे हैं." तिच्या मुठीतली चिठ्ठी त्यांना साडेतीनला दिसली. घाम येऊन ओली झालेली, पण आमचा नंबर वाचता आला त्यांना.

मी समोर उभी राहिले. तिनं वर बघितलं. "मॅनेजर मॅडम! आप इधर?" मग पायरीकडं बोट दाखवून, लाजल्यासारखी, "घर नहीं मिल रहा."

रिक्षात माझा हात धरून बसली. हॉटेलात आल्यावर काउंटरपाशी थांबली. "कमरा मिलेगा?"

रजिस्टर दिलं. काशिनाथनं कारंजं लावलं. तो रडत होता.

१० डिसेंबर, मंगळवार

सुजाता म्हणाली, "ताई, आपण नाही सांगितलं तर इम्रानभाईला कोण सांगणारंय? आपा तर विसरल्या पण."

काशिनाथ फाटकापाशीच उभं राहून म्हणाला, "माझ्या तोंडातून नाय निगायचं. लेकराची आन."

रात्रभर झोप नाही. एक वाक्य लिहून ठेवते, नंतर स्वतःला फसवायला नको म्हणून. चिठ्ठी मी लिहिली ती तिची कटकट थांबावी म्हणून. तिच्यासाठी नाही. मला पाच मिनिटं मोकळी हवी होती.

१२ डिसेंबर, गुरुवार

फोन केला. सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट.

वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "खाला, आप कितने साल के हुए?" विचारलं त्यानं. मी म्हटलं, तुझ्या अम्मीएवढीच, सहा महिन्यांनी मोठी. "वही तो," म्हणाला.

तिकीट २८ तारखेचं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काही नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

काशिनाथनं फाटकाला आतून साखळी लावलीय. टपाल द्यायला आलेल्यालाही चिठ्ठी मागतो. न. आज दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. तो हात जोडून उभा. "आपा, ताईंची चिठ्ठी नाय तवर आपन दोगं बी हितंच."

"अच्छा बंदोबस्त है," न. म्हणाली. खूष होऊन परत आली.

२१ डिसेंबर, शनिवार

इम्रान आला. टक्कल पडायला लागलंय. फाटकातून आत शिरला, हौदाकडं बघत उभा राहिला, तसाच. न. कमानीखाली होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "इनको अच्छा कमरा दो. थके हुए दिखते. किसी का बच्चा है."

त्यानं ऐकलं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "खाला, आप भी चलो ना."

कुठल्या नात्यानं, रे?

पुढं हॉटेलाचं काय, हेही काढलं त्यानं. अर्धा हिस्सा आईचा, म्हणजे आता त्यानं बघायचा. मला एकटीला झेपणार नाही हे त्याला दिसतंय, मलाही दिसतंय. कुणाला तरी चालवायला देऊन टाकू म्हणाला. वैजापूरला भाऊ बोलावतोच आहे मला.

२४ डिसेंबर, मंगळवार

दरवर्षीसारखा कागदी तारा लावला कमानीत. शाळेत सिस्टर लावायच्या तसा. न. आरामखुर्चीत. तारा पेटला तशी ती गुणगुणायला लागली. आमच्या शाळेतलं नाताळचं गाणं, शब्द नाहीत, नुसती चाल. पूर्ण बरोबर. मी खालचा आवाज धरला. मी नेहमी खालचा धरायचे, ती वरचा. दोन्ही आवाज फाटलेत आता. तरी शेवटपर्यंत गेलो. सुजाता, इम्रान, काशिनाथ, सगळे जागच्या जागी उभे.

संपल्यावर तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. कपाळाला आठी. "आप कौनसे स्कूल में थे?"

"तुमच्याच."

"अच्छा!" चेहरा उजळला. "फिर तो आप उषी को जानते होंगे!"

"हो," मी म्हटलं. "चांगली ओळखते."

"कैसी है?"

सांगितलं, की बरी आहे. म्हातारी झाली. गुडघे दुखतात. तुमची फार आठवण काढते.

"उसको बोलना, मैं नाराज नहीं हूँ," ती म्हणाली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

बॅग भरली. तिच्या साड्या नको म्हणाला इम्रान, तिथं कोण नेसवणार. दोन तरी घातल्याच. औषधांचा डबा सुजातानं लावला, प्रत्येक पुडीवर चित्र काढून, सूर्य, चंद्र. हॉटेलचं एक कार्ड मी तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवलं. का ते माहीत नाही. हरवली तर म्हणून, बहुतेक.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी नऊला खाली आली. बॅग इम्रानच्या हातात. तिनं किल्ली काउंटरवर ठेवली. मी रजिस्टर मिटलं.

काशिनाथनं साखळी काढली नाही. इम्रान म्हणाला, "चाचा, मैं हूँ, खोलो." काशिनाथ म्हणाला, "ताईंची चिठ्ठी पायजे, भाई." मुद्दाम नाही केलं त्यानं. एकदा चुकला होता, पुन्हा चुकायचं नव्हतं. मग मलाच लिहावी लागली. खोली चार. तारीख. सही. त्यानं चिठ्ठी नीट वाचली, खिशात घातली, आणि गेला कारंजं लावायला.

न. हौदापाशी थांबली. पाण्याखाली हात धरला. "ये आवाज अच्छी है," म्हणाली. मग गाडीत बसता बसता मागं वळली. "मॅनेजर मॅडम, आपकी पार्टनर से मिलना रह गया."

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.

गाडी गेली. पाव तास झाला तरी काशिनाथनं कारंजं बंद केलं नाही. मीही सांगितलं नाही. टाकी संपेपर्यंत चाललं.

५ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला आपोआप रजिस्टर उघडलं जातं. सहा नंबरचे पाहुणे निघाले तेव्हा त्यांना मी 'शुक्रिया' म्हटलं. त्यांना नवल वाटलं.

सुजाता धपाटे करत नाही आता.

इम्रानचा निरोप, अम्मी ठीक है. विचारतात, इस होटल में आंगन कहाँ है.

१२ जानेवारी, रविवार

हॉटेल चालवायला घेणारे गृहस्थ आले. बोलायला सज्जन. बूट काढून आत आले, मोसंबीचं सरबत मागून घेतलं. फिरून बघितलं. कमानी त्यांना आवडल्या, "फोटोला मस्त." लग्नाच्या सोहळ्यांसाठी करायचंय त्यांना. अंगणावर पत्रे, आणि हौद बुजवून स्टेज. "एवढी जागा वाया जातेय मॅडम, नुसती."

नुसती. रहीम मिस्त्रींना ती कमान उभी करायला तीन खेपा लागल्या होत्या. दोनदा पडली. तिसऱ्यांदा न. त्यांच्याबरोबर दिवसभर उन्हात उभी होती, कमानीला म्हणाली, पडायचं तर माझ्यावर पड.

इम्रानची सही आलीय. माझी राहिलीय. २६ला रविवार, सोमवारी अकरा वाजता ते कागद घेऊन येणार.

१९ जानेवारी, रविवार

साडेदहाला काउंटरचा फोन वाजला. "हॉटेल नारंज," मी म्हटलं.

"जी, आपके यहाँ कमरा मिलेगा?"

खुर्ची ओढून बसले.

"आंगन की तरफ का होना," ती म्हणाली. "चार नंबर मिला तो अच्छा. मैं पहले उतरी हूँ आपके यहाँ. खाना अच्छा रहता."

मी पेन घेतलं. नाव विचारलं. तिनं सांगितलं. कुठून येणार विचारलं. मागं कुठंतरी टीव्ही चालू. "घर से," म्हणाली.

"मुक्काम किती दिवस?"

रोज एक दिवस लिहायची. सहा महिन्यांचं रजिस्टर, प्रत्येक ओळीत एक.

"देखते," म्हणाली. "इस बार जल्दी नहीं है."

मग इम्रान फोनवर. माफ करना खाला, पर्स में से कार्ड निकाला, खुद लगाया, मैं नहा रहा था. मी म्हटलं, माफ काय करायचं? बुकिंग आहे ते. मी लिहून घेतलंय.

तो हसला की काय केलं कळलं नाही. म्हणाला, "तारीख क्या लिखी?"

रकाना मोकळाच ठेवलाय, म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

उद्या अकराला ते येणार. पेनात शाई भरून ठेवलीय. सहीचं अजून सांगता येत नाही. पण गुडघे आहेत, वय आहे, चिठ्ठीची ती चूक आहे, तेव्हा माझं काही झालं किंवा मी वैजापूरला गेले तर कुणाला काय, ते इथं लिहिते. सुजाता, तुला मराठी हस्ताक्षर वाचता येतं माझं, तूच वाचून दाखव सगळ्यांना.

फळ्यावरून उतरवलेल्या चित्राची वही रहीम मिस्त्रींच्या मुलाला. बांधकामच करतो तोही. बापानं तीनदा बांधलेली कमान कुठून आली, ते त्याला बघू दे.

उरलेल्या निळ्या फरशा मागच्या खोलीत पेटीत आहेत. काशिनाथला. त्याच्या बायकोनं एकदा ओट्याला लावायला मागितल्या होत्या आणि मी नाही म्हटलं होतं. चुकलंच. दोन फुटक्या निघतील, त्या कडेला वापर म्हणावं. आणि त्याच्यावर कुणी कधी ठपका ठेवू नका. चिठ्ठीवर सही माझी होती.

स्वयंपाकघरातलं सगळं सुजाताचं, तांब्याच्या डेगीसकट. माझा बिडाचा तवाही.

जूनपासूनचं रजिस्टर इम्रानला. पोस्टानं नको, आला की हातात द्या. रोज एका ओळीत त्याच्या आईचं अक्षर आहे. एकट्यानं बघ म्हणावं.

मोसंबीची कलमं भावाला, पावसाळ्याआधी.

नाताळचा तारा फाटलाय, तो ठेवा तसाच, कुणाला देऊ नका.

शाळेतला माझा डबा, पितळी, कडी सैल झालेला, कपाटात वरच्या फळीवर. तो कुणाचा ते मी लिहायची गरज नाही.

चार नंबरची किल्ली कुणालाच नाही. खोलीचं बुकिंग आहे. हॉटेल कुणीही चालवो, त्यांना हे आधी सांगायचं, हौदाचं बोलणं त्यानंतर. पाहुण्या आल्या की त्यांना नाव विचारू नका, नुसतं रजिस्टर पुढं करा, लिहितील. कारंजं त्या फाटकात असतानाच लावायचं, आत आल्यावर नाही. त्यांनी चिठ्ठी मागितली तर द्यायची नाही, कितीही रडल्या तरी. उषीला विचारलं तर सांगायचं, आली आहे, मागच्या पायरीवर बसलीय, डबा घेऊन.

आणि सुजाता, धपाटे करशील ना. कडेला जरा जळू दे.